एकवीस उन्हाळे

“ताई, उचलू का?” कंडक्टरनं विचारलं.

“न्हाई. ह्यी पिशवी तेवढी आत घ्या,” ज्ञानेश्वरी म्हणाली आणि बसच्या दाराकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसली.

सकाळचे सात वाजले होते, पण लातूरच्या स्टँडवर तेव्हाच डोळे उघडवत नव्हते, असं ऊन. तिनं दोन्ही कुबड्या माझ्याकडे दिल्या. हात मागच्या पायरीवर टेकले, अंग वर उचललं आणि लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर घातलेले पाय मागून ओढून घेतले. मग पुढची पायरी. मग तिसरी. आमच्या मागं पाच-सहा जण खोळंबले होते. त्यातला एक फेटेवाला म्हणाला, “अरे, कुणीतरी धरा की बाईला. गाडी हितंच दुपार करती का?”

“तुमचं लगीन खोळंबलंय का काका?” मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग आहे. ज्ञानेश्वरी आतल्या सीटच्या दांड्याला धरून उभी राहिली, साडी नीट केली आणि दिव्यांगांच्या सीटवर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले, बाटली काढली आणि घटाघटा पाणी प्यायले. तिला विचारलं नाही. पहिला दिवस सोडला तर अकरा वर्षांत मी तिला एकदाही पाणी विचारलं नव्हतं.

त्याचं कारण सांगते. त्यात माझी शोभा नाही, पण सांगते.

आमचं ऑफिस लातुरात, एका भाड्याच्या जुन्या घरात. कुठलं ते सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे. ज्ञानेश्वरी तिथं आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा. मी तिथं रुजू झाले तेव्हा तिची दहा वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी मी पेढे वाटले. तिनं पेढा घेतला, तोंडात टाकला, “गोड हाय” म्हणाली. मी माठातून पेला भरून आणला आणि तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, “नको. पाणी नको.”

पेढा चालतो, पाणी चालत नाही. हा हिशेब आमच्या लोकांना कुणी शिकवावा लागत नाही. माझी आजी सांगायची, गावात लोक आम्हाला सुकं वरून टाकायचे आणि आमच्या हातचं ओलं घ्यायचे नाहीत. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आम्ही ते सगळं मागं टाकलं, शिकलो, नोकऱ्या धरल्या, पण असा एखादा पेला परत आला की मनातलं सगळं जागं होतं. मी तो पेला मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी चहाला विचारलं, चहालाही नाही. त्यानंतर मी विचारणंच सोडलं. ती सगळ्यांच्याच चहाला नाही म्हणायची, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण रागातल्या माणसाला बेरीज जमत नाही.

तेव्हापासून आमचं “मॅडम, हा कागद” आणि “मॅडम, सही” एवढंच. तिची टिंगल करण्यात मात्र मी पुढं असायचे. फेब्रुवारी सरला की ती येईल त्याला विचारायची, “उद्याचं किती सांगितलंय?” फोनवर सारखं तापमान बघायची. एकेचाळीस म्हटलं की तोंड उतरायचं, त्रेचाळीस म्हटलं की दुपारभर बोलायची नाही. मी तिचं नाव हवामान खातं ठेवलं होतं. ऑफिसात ते चाललं. आमचा शिपाई दगडोबासुद्धा म्हणायचा, “आज हवामान खात्याचा मूड बरा न्हाई.”

आणि आता ती नोकरी सोडायला निघाली होती. नांदेडच्या विभागीय कार्यालयात आमच्या सेवापुस्तकांची पडताळणी होती, म्हणून मी चालले होते. तिच्या पर्समध्ये मात्र स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. एकवीस वर्षं भरली होती तिची. वय चव्वेचाळीस, लग्न नाही, भावाच्या घरी राहणारी. मला खरं तर कळत नव्हतं. नोकरी गेली की भावजयीच्या हाताकडं बघत बसायचं, हे न समजण्याइतकी ती भोळी नव्हती.

चाकूर गेल्यावर मी न राहवून विचारलं, “मॅडम, कामून सोडून राहिल्या नोकरी?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “ऊन सहन होईना.”

“ऊन काय तुम्हाला एकटीलाच हाय का?”

“तसं न्हाई,” ती म्हणाली.

मला वाटलं, नखरे. आम्ही उन्हातान्हात स्कूटीवर फिरतो, ही पंख्याखाली बसते. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. लोक उतरले, रसवंतीवर गेले. मी उसाचा रस पिऊन आले. ती जागची हलली नव्हती. ओठांवर पांढरी साय आल्यासारखी दिसत होती आणि ती जिभेनं ओठ सारखे ओले करत होती. मी बघितलं आणि तोंड फिरवलं. हे आठवलं की आजही जीव थोडा होतो.

नांदेडला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. रिक्षानं त्या कार्यालयात गेलो. दारातच पाटी होती, दिव्यांग मदत कक्ष, दुसरा मजला. लिफ्ट नव्हती. मी दोघींची सेवापुस्तकं घेऊन वर गेले आणि तिथल्या क्लार्कला सांगितलं, “खाली एक मॅडम आहेत, त्यांचा अर्ज आहे. त्यांना चढता येत नाही. मी आणून दिला तर चालेल का?”

तो म्हणाला, “स्वेच्छानिवृत्तीचा आहे ना? मग नाही. अर्जदाराची सही समोर व्हायला पाहिजे.”

“मग तुम्ही खाली या.”

“रजिस्टर खाली नेता येत नाही.”

मी खाली येऊन तिला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल चला परत. पण तिनं कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि पाठमोरी पायरीवर बसली. “तुम्ही व्हा पुढं,” म्हणाली, “मी येते हळूहळू.”

मी वर जाऊन माझ्या पुस्तकावर सह्या घेतल्या. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. ती आली नाही म्हणून जिन्यानं खाली आले, तर ती पहिल्या वळणावर भिंतीला डोकं टेकून पडलेली. जिन्याच्या जाळीतून ऊन तिच्या तोंडावर येत होतं. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घाम एक थेंब नाही.

मी ओरडून बाहेरच्या एका रिक्षावाल्याला बोलावलं. आम्ही दोघांनी तिला उचललं. जिनं मला एका पायरीलाही कधी हात लावू दिला नसता, तिला त्या दिवशी पोत्यासारखं उचललं आणि तिला ते कळलंही नाही. रिक्षात वारा लागल्यावर तिनं डोळे उघडले. मी रिक्षावाल्याला म्हणत होते, “दवाखान्यात घ्या.” तिनं माझं मनगट धरलं. “दवाखाना नको. सलाईन लावतेत.”

“मग लावू द्या की.”

“नको. पाया पडते मॅडम.”

माझ्या आईचं घर तिथून जवळ होतं, नदीच्या अंगाला. रिक्षा तिकडं वळवली.

माझी आई, सरजाबाई, त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि कुणी दारात आलं की कोण, कुठलं हे नंतर विचारते. तिनं आधी चटई टाकली, पंखा लावला, साडीचा पदर ओला करून ज्ञानेश्वरीचं तोंड, मान, हात पुसले. दहा मिनिटांनी ज्ञानेश्वरी भिंतीला टेकून बसू शकली. समोर भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली माझ्या वडिलांचा. ती तिकडं बघत होती. आईनं माठातून पेला भरून आणला.

“घ्या बाई. माठातलं हाय, गार हाय.”

“नको मावशी.”

“घोटभर घ्या.”

“नको.” आणि तिनं मान खाली घातली.

आईनं पेला जमिनीवर ठेवला. “ऱ्हाऊ द्या मग,” ती म्हणाली. “काहीकांना चालत न्हाई. मी आपलं इचारलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्र्याहत्तर वर्षांत असे किती पेले तिनं खाली ठेवले असतील, तो सगळा सराव त्या आवाजात होता. माझा तोल गेला.

“अकरा वर्षं बघून राहिले मी मॅडम,” मी म्हणाले. “माझ्या हातचं पाणी न्हाई, चहा न्हाई, पेढा तेवढा चालला. बोलले न्हाई कधी. पर आज जिन्यात पडल्या तुम्ही, जीव जायची येळ आली, तरी माझ्या आईच्या माठाचं पाणी चालंना. मरताल पर बाटायच्या न्हाईत का?”

ज्ञानेश्वरीनं माझ्याकडं बघितलं. कुणी अनोळखी भाषेत बोललं की माणूस बघतं ना, तसं.

“बाटायच्या?” ती म्हणाली. “असं वाटलं व्हय तुम्हाला?”

ती आईकडं वळली.

“मावशी, पाणी पेल्यावर मी जाऊ कुठं?”

“कुठं म्हंजी?”

“संडासला.” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मला उकिडवं बसता येत न्हाई. पाय वाकत न्हाईत. ऑफिसचं संडास मागल्या अंगणात हाय, चार पायऱ्या खाली. दार एवढुसं. कुबड्या घेऊन आत जाता येत न्हाई, कुबड्या सोडून उभं ऱ्हाता येत न्हाई. एकदा गेले होते, नोकरीला लागल्या लागल्या. आत पडले. अर्धा तास वल्ल्या फरशीवर होते. तवापासून घरून निघाल्यावर पाणी घेतच न्हाई. कुणाच्याच हातचं न्हाई. संध्याकाळी घरी गेल्यावर घेते.”

एकवीस वर्षं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मी मनात मोजायला लागले आणि मला मोजवेना. त्या पायऱ्यांवरून मी रोज दोनदा जात-येत होते. ती कधीच तिकडं दिसली नाही, हे अकरा वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं. मी बाई असून आलं नव्हतं.

“आन् घरी?” आईनं विचारलं.

“घरी भावानं कमोड बसवून दिलंय. पर नळाला आठ-धा दिवसांनी पाणी येतं. उन्हाळ्यात टँकर. वहिनी हंड्यानं भरती. मी एकदा गेले की बादलीभर लागतं. ती काही म्हणत न्हाई, पर बादलीकडं बघती. मग घरीबी बेतानंच.”

“अगं माय,” आई म्हणाली.

ज्ञानेश्वरी आता थांबत नव्हती. “आधी एप्रिल आन् मे, दोन महिने काढायचे असायचे. दात-ओठ खाऊन काढायचे. आता मार्चपासनंच सुरू व्हतं. फेब्रुवारी सरला की माझ्या छातीत धडधडतं. लोक म्हणतेत उन्हाळा आला, आंबे आले. मी फोनवर बघते उद्याचं किती. झोप लागत न्हाई. डोळे मिटले की आकडे दिसतेत. बेचाळीस, त्रेचाळीस. दरसाली ऊन वाढून राहिलं. माझं अंग तेच हाय आन् संडास तेच हाय. दोनदा लघवीला रक्त आलं. डॉक्टर म्हणले, रोज तीन लिटर पाणी प्या. मी हाव म्हणले आन् घरी आले. एखाद्या दिवशी खुर्चीवरच वाळून जाईन, असं वाटतं मला. म्हणून अर्ज लिहिला. नोकरी लई आवडती मला, मावशी. शिक्का मारताना मी कुणाच्या आधाराची नसते.”

“साहेबांना सांगायचं ना,” मी म्हणाले. बोलल्यावर मलाच ते वाक्य पोकळ वाटलं.

“सांगितलं होतं. तुम्ही यायच्या आधी. अर्ज लिहिला, मीच त्याला आवक नंबर टाकला. तवाच्या साहेबांनी तो चहाच्या येळेला मोठ्यानं वाचला. सगळे हसले. ते म्हणले, बाई, सरकार रस्ते करंल, पूल करंल, तुमच्या संडासाचं कुठं बघत बसंल. मग परत तोंड उघडलं न्हाई.”

मला माझे वडील आठवले. ज्ञानोबा त्यांचं नाव. शेवटची सहा वर्षं अर्धं अंग लुळं होऊन याच खोलीत, याच भिंतीशी पडून होते. एका पावसाळ्यात गोदावरीचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना दारावर झोपवून उचलून नेलं होतं. त्यानंतर आभाळ भरून आलं की ते झोपायचे नाहीत. धरणाचे किती दरवाजे सोडले, किती दरवाजे सोडले, हेच विचारायचे. आई त्यांच्या छातीवर हात ठेवून बसायची. मी सुट्टी काढून यायचे, रात्री त्यांच्याशी बोलत बसायचे. बापाची भीती मला कळली होती. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. हिची भीती रोज माझ्यापासून चार हातांवर जळत होती आणि मी तिला नाव ठेवलं होतं.

आई उठली. मागच्या पत्र्याखाली काहीतरी ओढल्याचा, मग फरशीवर घासल्याचा आवाज आला. मी जाऊन बघितलं तर ती वडिलांची लोखंडी खुर्ची साबणानं धूत होती. मध्ये भोक असलेली, संडासच्या भांड्यावर ठेवायची खुर्ची. ते गेल्यावर आई तिच्यावर धुण्याची बादली ठेवत असे. वडिलांसाठीच संडासचं दार काढून चौकट रुंद केली होती आणि तिथं पडदा लावला होता, तो अजून तसाच होता. आईनं खुर्ची भांड्यावर बसवली, हलवून बघितली, स्वतः एकदा बसून बघितली.

मग बाहेर येऊन तिनं तोच पेला उचलला, त्यातलं कोमट पाणी झाडाला टाकलं, माठातून नवीन भरला आणि ज्ञानेश्वरीच्या हातात दिला.

“आता पे,” आई म्हणाली. “पोटभर पे. मी हितंच बसले.”

पहिला पेला ती गरम चहासारखा एकेक घोट करून प्यायली. घोटाघोटाला थांबून आमच्याकडं बघत होती, कुणी हातातून काढून घेईल असं वाटत असल्यासारखी. दुसरा जरा लवकर संपला. चौथ्याला तिनं डोळे मिटले आणि पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं तरी पेला खाली केला नाही. मला रडू आलं. लपवायचं काय त्यात. मी तिथंच भिंतीकडं तोंड करून रडले.

तासाभरानं ती कुबड्या घेऊन मागं गेली. आई पडद्याबाहेर पाट टाकून बसली आणि मुद्दाम मोठ्यानं माझ्याशी वांग्याच्या भाजीचं बोलत राहिली, म्हणजे आत बसलेल्या माणसाला अवघडायला नको. वडिलांच्या वेळीही ती असंच करायची.

ती परत येऊन बसल्यावर मी म्हणाले, “चुकलं माझं.”

“चुकलं खरं,” ती म्हणाली. मग थोडं हसली. “मला वाटायचं, लंगड्या बाईशी बोलायला तुम्हाला कमीपणा वाटतो.”

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो. अकरा वर्षं दोन टेबलं शेजारी-शेजारी ठेवून आम्ही असं सुंदर काम केलं होतं.

जेवून, उन्हं उतरल्यावर आम्ही निघालो. आईनं खुर्ची दारात आणून ठेवली. “घिऊन जा,” म्हणाली, “म्या मेल्यावर भंगारवाला नेईल तिला.” ज्ञानेश्वरी नको-नको म्हणत होती. आई म्हणाली, “दिल्याली वस्तू परत करू ने,” आणि आत निघून गेली.

नांदेडच्या स्टँडवर गर्दी होती. ज्ञानेश्वरी पाठमोरी पायऱ्या चढली, मी मागून खुर्ची चढवली. कंडक्टरनं खुर्ची उलटीपालटी करून बघितली. “हे काय सामान हाय?”

मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ज्ञानेश्वरी म्हणाली, “संडासची खुर्ची हाय. माझी हाय.”

पुढच्या दोन सीटांवरची माणसं वळून बघायला लागली. ती सरळ बसली होती. एक हात खुर्चीच्या दांडीवर. कंडक्टर म्हणाला, “ठेवा मग मागं,” आणि पुढं गेला.

लोह्याच्या पुढं अंधार पडायला लागला. मी विचारलं, “अर्जाचं काय?”

“पर्समध्ये हाय. आज राहू दे.”

खुर्ची आली, पण चार पायऱ्या आणि एवढुसं दार तिथंच होतं. माझ्या घराजवळ शेषेराव नावाचा गवंडी राहतो. मी त्याला ऑफिसच्या मागं नेऊन दाखवलं. घरमालकाला फोन केला, तर तो म्हणाला, करा काय करायचं ते, मात्र पाईप फोडू नका. साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याची फाईल झाली असती, आणि फाईलला ऊन लागत नाही. शनिवारी दुपारी दगडोबानं किल्ली दिली. मी हवामान खातं हे नाव ठेवल्याचं त्याला माहीत होतं. आता कारण कळल्यावर तो म्हणाला, “आपून लई हसलो मॅडम,” आणि डोकं खाजवत उभा राहिला. रविवारी सकाळपासून तोच शेषेरावला विटा देत होता. चौकट निघाली, वीतभर भिंत पडली, दार रुंद झालं, पायऱ्यांवर उतार झाला. उतार जरा तीव्रच झाला, जागाच तेवढी होती. बाजूला धरायला पाईप बसवला.

चार दिवस सिमेंटवर गोणपाट टाकून पाणी मारलं. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, ज्ञानेश्वरी ऑफिसात पाणी प्यायली. तिनं घरून बाटली आणली होती, लाल झाकणाची, लहान मुलं शाळेत नेतात तशी.

सोमवारी साहेबांच्या केबिनमधून कागद आला. शासकीय भाड्याच्या इमारतीत विनापरवानगी तोडफोड केल्याबद्दल कारणे दाखवा, तीन दिवसांत खुलासा सादर करा. कागद माझ्या नावानं होता, पण सगळ्या कागदांसारखा तो आधी तिच्याच टेबलावर आला. तिनं वाचला, शिक्का मारला, नंबर टाकला. मी हात पुढं केला तर दिला नाही.

“खुलासा मी लिहिते,” ती म्हणाली. “काम माझं होतं.”

मी लिहिला असता तर दोन पानं भांडले असते. तिनं कोरा कागद घेतला, वर संदर्भ टाकला, विषय टाकला, आणि खाली आपल्या गोल अक्षरात लिहिलं:

“उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी या कार्यालयात एकवीस वर्षे सेवेत असून सदर कालावधीत कार्यालयीन वेळेत पाणी प्यायलेले नाही, कारण स्वच्छतागृहात मला जाता येत नव्हते. दार रुंद करण्यात आले. गेल्या शुक्रवारी मी पाणी प्यायले. पुढील आदेशार्थ सविनय सादर.”

सही केली, जावक नंबर टाकला आणि दगडोबाच्या हातात दिला. दगडोबा आत गेला. मग साहेब बाहेर आले, कुणाशी न बोलता मागच्या अंगणात गेले. दारापुढं उभे राहिले. पाईपला हात लावून बघितला. परत येताना ज्ञानेश्वरीच्या टेबलापाशी क्षणभर थांबले आणि केबिनमध्ये गेले. संध्याकाळी कागद बाहेर आला. त्यावर दोन शब्द होते, दप्तरी दाखल. म्हणजे विषय संपला.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. यंदा मेच्या शेवटी चव्वेचाळीस झालं, तेव्हा ती सकाळपासून गप्प होती आणि फोन पालथा घालून ठेवला होता. तो तिनं दिवसभर उचलला नाही. रात्री झोप लागते का, विचारलं तर म्हणाली, “कधी लागती, कधी न्हाई.” अर्ज फाडलेला नाही. ड्रॉवरमध्ये आहे. “औंदाचं निघालं,” म्हणते, “फुडचं बघू.”

जूनमध्ये मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. आता आमचं अगं-तुगं आहे. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, तो तिनं एकटीनंच आणला आणि टपाल फोडता फोडता मला सांगितलं.

“एक किडनी बारीक झाली म्हणले.”

मी हातातला कागद खाली ठेवला.

“दुसरी चांगली हाय,” ती म्हणाली. “बारकीचं मात्र भरून निघत न्हाई म्हणले. उशीर झाला.”

“ज्ञानेश्वरी...”

“असू दे गं.” तिनं शिक्का पॅडवर दाबला, कागदावर मारला, नंबर टाकला. पुढचा कागद घेतला. तो झाल्यावर लाल झाकणाची बाटली उघडली, निम्मी प्यायली, झाकण लावलं. थोड्या वेळानं तिनं कुबड्या ओढून घेतल्या आणि उठली.

अकराची वेळ होती. खिडकीपाशी दोन माणसं दाखल्यासाठी उभी होती. साहेबांचा फोन चालू होता. दगडोबानं उताराच्या पाईपला टेकवलेली आपली सायकल बाजूला केली आणि पुन्हा येऊन स्टुलावर बसला. कुबड्यांचा आवाज टेबलांमधून मागच्या दाराकडं गेला, उतारावर जरा हळू झाला. ऑफिसात कुणी मान वर करून बघितलं नाही. मीही माझा कागद पुढं ओढला.